विहिणींचा नेम

माझ्या विहीणबाई पहिल्यांदा माझ्या शेजारी पिस्तूल घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना टक्कल होतं. अंगात निळा ट्रॅकसूट, खांदे पैलवानाचे, हनुवटीला खळी. मी स्वतः सहा फूट उंच, सोनेरी केसांची, आणि कंबर अशी की माझ्या लग्नातसुद्धा तशी नव्हती. त्या टकल्या पैलवानानं माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले आणि विहीणबाईंच्या मऊ आवाजात विचारलं, "नमस्कार विहीणबाई. जेवण झालं का?"

हे कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला चळ लागला.

आमची नात, म्हणजे माझ्या मुलाची आणि विहीणबाईंच्या मुलीची लेक, एअर पिस्तूल खेळते. दहा मीटरवर टांगलेल्या कागदावर, उभं राहून, एका हातानं. तिचं कॉलेज जळगावला आणि क्लब धुळ्याला. म्हणून शनिवार-रविवार ती धुळ्याला आजोळी राहून खऱ्या रेंजवर खरं पिस्तूल चालवते, आणि बाकीचे दिवस आमच्या हॉलमध्ये डोळ्यांवर व्हीआरचा डबा बांधून खोटं. त्या डब्याला मी टोपडं म्हणते. मागून पट्टा, वरून पट्टा, आणि एकदा चढवलं की शहाणं माणूस तान्ह्या बाळासारखं हवेत चाचपडायला लागतं. हातात पिस्तुलाची मूठ असते, तिला खऱ्याइतकं वजन लावलेलं. टोपड्यात मात्र समोर सगळी रेंज उभी: लांब खोली, पांढरा कागद, मधे काळं वर्तुळ. गोळी सुटल्याचा आवाजही होतो. आणि त्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्याबाहेर बर्फ पडत असतो.

मला नेमबाजी नको होती हो. मला तो बर्फ पाहायचा होता. मे महिन्यातली दुपार होती, कूलर आतलीच गरम हवा फिरवत होता, आणि नात घामाघूम होऊन म्हणाली, "आजी, आत काय मस्त बर्फ पडतोय!" मी म्हटलं, दे इकडे. टोपडं चढवलं आणि सरळ खिडकीकडे चालायला लागले. त्या रेंजमधली खिडकी म्हणजे आमच्या हॉलमधला कूलर. त्याच्या टाकीत माझा पाय गेला. थंडावा मिळाला म्हणायचं.

त्यानंतर सुनेनं हॉलमध्ये मधोमध एक सतरंजी अंथरली. "आई, पायाला सतरंजी लागतेय तोवर तुम्ही जगात कुठेही जा," ती म्हणाली. "फरशी लागली की परत या."

आता बर्फ पाहायला उभं राहिलंच आहे, तर एखादी गोळी मारून पाहू, असं करत करत मी त्यात अडकले. आणि एक गोष्ट माझ्या पथ्यावर पडली. नात शिकवायला लागली की म्हणायची, "आजी, नजर माशीवर ठेव, म्हणजे नळीच्या टोकावरच्या त्या उंचवट्यावर. ती स्पष्ट दिसली पाहिजे. समोरचा कागद धूसर दिसला पाहिजे." तरुण पोरांना म्हणे हे शिकायला महिनोन्महिने लागतात. मला कागद सुरुवातीपासूनच धूसर दिसत होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात जवळचं दिसायचं भिंग बसवलं होतं, त्याचा असा उपयोग होईल, असं डॉक्टरांनाही वाटलं नसेल.

दुसरा हात कुठे ठेवायचा हा प्रश्न होता. नेमबाज तो पँटच्या खिशात घालतात, म्हणजे खांदा हलत नाही. साडीला खिसा कुठला? मी हात कमरेवर ठेवला. नात म्हणाली, "आजी, तू नेम धरतेयस की दूधवाल्याला झापतेयस?"

बंदूक मी आयुष्यात आधी एकदाच हातात धरली होती. अमळनेरला कॉलेजात असताना, एनसीसीत. त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतं. दोन वेण्या, खाकी कपडे, आणि डोक्यात असं वारं की सीमेवरून मला कधीही बोलावणं येईल. फायरिंगच्या दिवशी मी पालथी पडले, श्वास रोखला, दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि चाप ओढला. दोन्ही. एक मिटायचा असतो हे सांगितलं होतं, पण आवाजाची भीती दोन्ही डोळ्यांना सारखीच वाटते. माझ्या कागदाला एकही भोक पडलं नाही. शेजारच्या मुलीच्या कागदाला मात्र तिनं मारल्या होत्या त्याहून जास्त पडली आणि तिची पाठ थोपटली गेली. त्या दिवशी संध्याकाळी मी घरी जाऊन आईला काय सांगितलं असेल? "माझ्या गोळ्या फार लांब जातात."

तर ही एवढी पूर्वतयारी.

धुळ्याला विहीणबाईंकडे नातीचं जुनं टोपडं पडून होतं. नातीच्या मनात आलं की दोन्ही आज्यांना एकाच वेळी एकाच रेंजवर उभं करू. मी जळगावात माझ्या सतरंजीवर, त्या धुळ्यात त्यांच्या. टोपड्याच्या आत मात्र आम्ही शेजारी-शेजारी. आतल्या माणसांचे चेहरे नातीनंच निवडून दिले होते, म्हणून तो टकल्या पैलवान. मी तिला म्हटलं, अगं, त्यांना जरा बाईसारखं काही दे. ती म्हणाली, "त्यांना आवडलंय. त्या म्हणतात डोकं हलकं वाटतं."

मग रोज दुपारी चारचा नेमच झाला. चहा घ्यायचा, टोपडं चढवायचं, नमस्कार-चमत्कार करायचे आणि दहा-दहा गोळ्यांची लढत. विहीणबाई माझ्याशी बोलतात ते अगदी इस्त्री केलेलं मराठी. "आधी तुम्ही." "छे, छे, आधी तुम्हीच." त्यांच्या घरात, नातीशी, स्वतःशी त्या अहिराणी बोलतात, पण मी वरमाय पडले ना! मुलाच्या आईसमोर मुलीच्या आईनं तोलूनमापून बोलायचं, आधी वाढायचं, मागून जेवायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्या माझ्यासमोर पाटावर सुद्धा जरा तिरक्या बसतात.

पहिल्या लढतीत मी जिंकले. दुसऱ्या लढतीतही. नंतर तर सवयच लागली. फरक थोडाच असायचा, पण शेवटच्या गोळीला त्यांचा हात नेमका घसरायचा. "अगंबाई! गेला वाटतं," पैलवान हळहळायचा. "तुमचा हात म्हणजे काय विहीणबाई, दगडासारखा!"

हे वाक्य ऐकून ऐकून माझं डोकं किती फिरलं असेल याचा अंदाज घ्या. सकाळी मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या बायकांना मी हात पुढे धरून दाखवायला लागले: "बघा, हलतो का?" भाजी घेताना कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी एका हातानं, कोपर ताठ ठेवून उचलायची. आमच्या भजनी मंडळातल्या एकीनं विचारलं, "हात आखडलाय का हो तुमचा?"

आणि मग धुळ्याच्या क्लबनं स्पर्धा ठेवली. त्यात साठीपुढच्या बायकांचा एक गट. त्या गटातून पहिली येईल तिला क्लब राज्याच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेला पाठवणार. नावं आली दोन. दोन्ही आमच्याच घरातली.

नात म्हणाली, "आता दोघी रविवारी धुळ्याला खऱ्या पिस्तुलावर या." तसं आम्ही सुरू केलं. खरं पिस्तूल हातात धरलं आणि समजलं की वजन सारखं असलं तरी जीव सारखा नसतो. टोपड्यातली गोळी चुकली तर कुणाचं काय जातंय. इथे कागदाला खरं भोक पडतं आणि ते तिथेच राहतं. रेंजवरून परतताना विहीणबाई नातीला अगदी हळू आवाजात काही विचारत होत्या. मी पुढे चालत होते, पण कान माझे अजून ऑपरेशनशिवायचे आहेत.

"राज्याला जातात त्यांच्या पाठीवर ते कापड लावतात ना, नंबराचं? त्यावर गावाचं नाव असतं का?"

"जिल्ह्याचं असतं, आजी."

"धुळे असं लिहितात?"

"हो."

"मोठ्या अक्षरात?"

मला हसू आलं. आणि मनात म्हटलं, हं, लिहितील की, पण जळगाव असं!

त्याच आठवड्यात नातीनं मला लॅपटॉपसमोर बसवलं. "आजी, तुला एक दाखवायचंय. रागावू नकोस." टोपड्याच्या या यंत्राची एक खोड आहे, ते सगळं लक्षात ठेवतं. गोळी सुटण्याआधी पिस्तुलाचं तोंड कुठे-कुठे फिरलं त्याची रेघ काढून दाखवतं. माझी रेघ पाहिली. लहान मुलानं शेवयांच्या ताटात हात फिरवावा तशी. कधी वर, कधी खाली, आणि मधेच घाईघाईत एक ठिपका. मग तिनं विहीणबाईंच्या रेघा काढल्या. मधल्या दहा गुणांच्या वर्तुळात एवढीशी गाठ, रांगोळीचा ठिपका ठेवल्यासारखी. एका गोळीला तसं, दुसरीला तसं, पाचवीला तसंच.

"आणि ही शेवटची," नात म्हणाली.

शेवटच्या गोळीची रेघ तशीच दहावर स्थिर झाली. थोडी थांबली. मग सरळ, न थरथरता, सावकाश डावीकडे चालत गेली, सातवर जाऊन थांबली, आणि तिथे गोळी सुटली.

"हात घसरला असेल," मी म्हटलं.

"आजी, घसरलेली रेघ अशी नसते. ही फिरायला गेलीय."

तिनं आधीच्या आठवड्याची लढत काढली. त्याच्या आधीची काढली. प्रत्येक वेळी मी किती मारलेत ते पाहून विहीणबाई बरोबर तेवढ्याच्या खाली उतरत होत्या. एकदा तर मी अगदीच गचाळ मारले होते, तेव्हा बिचारीला खूप लांब चालावं लागलं होतं.

स्वयंपाकघराच्या दारातून सून म्हणाली, "माझी आई तुमच्याशी कशी जिंकेल? वरमाईला हरवलं तर तिला रात्री झोप लागेल का?"

"तुला ठाऊक होतं?"

"मला काय, सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही खूश होता म्हणून कुणी बोललं नाही."

मेहरूण तलावाला तोंड दाखवायची सोय उरली नाही. पण त्याहून मोठी गोष्ट होती. ही बाई रविवारच्या स्पर्धेतही असंच चालत जाऊन सातवर गोळी मारणार, आणि राज्याला जाऊन हसं कुणाचं होणार? माझं. आणि जिच्या पाठीवर 'धुळे' लिहिलं जायला हवं, ती माझा डबा भरून मला स्टँडवर सोडायला येणार.

मी लगेच फोन लावला. "विहीणबाई, तुम्ही मुद्दाम हरता."

"छे हो! काहीतरीच. तुमचा हात म्हणजे…"

"दगड. ठाऊक आहे. मी नाव मागे घेते. तुम्हीच जा."

"बरं," त्या म्हणाल्या. मला वाटलं सुटलं. दुसऱ्या दिवशी नात लालबुंद होऊन आली. धुळ्याच्या आजीनं क्लबला फोन करून स्वतःचंही नाव काढायला सांगितलं होतं. विहीणबाई येत नाहीत तर मी कशाला पुढे-पुढे करू, असं म्हणे. नातीनं क्लबच्या सरांचे पाय धरून दोन्ही नावं परत लावून घेतली आणि आम्हाला बजावलं, "तुम्ही दोघी मिळून माझं नाक कापणार आहात."

मग मी दुसरा डाव टाकला. आपणच इतकं वाईट मारायचं की त्यांना त्याच्या खाली जाताच येणार नाही! चारला टोपडं चढवलं. पहिली गोळी मी चारवर मारली. पैलवानानं जरा विचार केला आणि तीनवर मारली. मी वर्तुळं सोडून पांढऱ्या कागदावर मारली. त्यांनी कागद सोडून भिंतीवर. "अगंबाई, आज काय झालंय हाताला!" मी भिंतीवरचं घड्याळ टिपलं. त्यांनी छताचा दिवा. मी बर्फाच्या खिडकीतून बाहेर गोळी घातली. यंत्रातली बाई दर वेळी गोड आवाजात "शून्य" म्हणत होती. शेवटची गोळी मी मागे वळून मारली, प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर. आता काय करतील? विहीणबाईंनी पिस्तूल खाली ठेवलं आणि शेवटची गोळी मारलीच नाही. यंत्रानं त्यांना बाद केलं. मी चार गुणांवर विजयी.

हे सगळं टीव्हीवर दिसत होतं. सोफ्यावर बसलेली नात म्हणाली, "हरायचा एवढा सराव जगात कुणी केला नसेल."

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे धुळ्याला गेलो. थंडी पडायला लागली होती, म्हणून मी भरताची वांगी पिशवी भरून नेली होती. विहीणबाईंनी ती काड्यांवर भाजली, खलात ठेचली, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. मला बसवलं, ताट पुढे ठेवलं, आणि त्या नेहमीसारख्या वाढायला उभ्या राहिल्या. ते ताट पाहिलं आणि मला माझ्या मुलाच्या लग्नाची पंगत आठवली.

तेव्हाची मी म्हणजे आणखी एक पाहण्यासारखी बाई. नव्या पैठणीत अशी ताठ बसले होते की पदराऐवजी पुठ्ठा लावलाय की काय. पंगतीत खापरावरचे मांडे होते. मांडा केवढा असतो तुम्हाला माहीत आहे, धोतरासारखा पसरतो. माझ्या ताटात आला तो कडेला जरा फाटलेला. आणि ती बाई, म्हणजे मी, रुसली! "वरमाईला फाटका मांडा?" ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून बसली. सगळा मांडव समजूत काढायला आला. शेवटी विहीणबाई, स्वतःच्या मुलीचं लग्न सोडून, चुलीपुढे बसल्या, दोन्ही हातांवर मांडा फिरवत फिरवत मोठा केला, आणि केसांना पीठ लागलेल्या तशाच घेऊन आल्या. मी तो खाल्ला. वर म्हटलं, "गोड जरा कमी आहे."

तर धुळ्याच्या त्या घरात, भरताचा वास नाकात जात असताना, माझ्या डोक्यात आलं: जे हत्यार आपल्याला येतं ते आपण वापरलंच नाही.

मी ताट सरकवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी रुसले."

विहीणबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काय चुकलं हो आमचं?"

"फार चुकलंय. माझा मान राखला नाही. इतके दिवस मला खोटं-खोटं जिंकवलंत. तलावावर हात दाखवत फिरले मी."

"छे, तसं नाही…"

"मी वरमाय आहे ना? मग मानपान हवाय मला. साडी नको, चांदीची वाटी नको. उद्या सगळ्या गोळ्या खऱ्या हव्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तोवर मी या घरात घास घेणार नाही."

सून हसू दाबायला आत पळाली. नात मोबाइलवर आमचा फोटो काढत होती, तिला मी नुसत्या डोळ्यांनी दटावलं. रुसलेल्या बाईनं बोलायचं नसतं. विहीणबाईंनी भाकरी टोपलीत ठेवली. मग माझ्या समोर, सरळ, अगदी माझ्याएवढ्याच ताठ बसल्या.

"आणि मी जिंकले तर? मग रुसणार नाही?"

मी "छे" म्हणणार होते. पण बाईनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून काही विचारलं होतं. "रुसेन," मी म्हटलं. "खरं सांगते, मला हरायला आवडत नाही. परत जाताना पारोळ्यापर्यंत तरी मी कुणाशी बोलणार नाही. एरंडोल आलं की उतरेल."

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "आणि पोरीला काही बोलणार नाही ना?"

म्हणजे हे होतं तर. फाटक्या मांड्यापासून आजपर्यंत ती बाई तिच्या मुलीसाठी सात-सातवर गोळ्या मारत होती. टोपडं असो की नसो, काही फरक नव्हता.

"तिला?" मी म्हटलं. "तिला मी काय बोलणार? तीच मला बोलते. कूलरमध्ये पाय घातला त्या दिवसापासून मला सतरंजीवर बांधून ठेवलंय तिनं."

"ऐकू येतंय मला!" आतून सून ओरडली.

विहीणबाई हसल्या. असं तोंड उघडून हसताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं. मग माझं ताट माझ्यापुढे ढकलत म्हणाल्या, "मंग खाई ल्या. भरीत थंडं व्हई ऱ्हायनं."

माझ्याशी अहिराणी! मी दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शेजारच्या जागांवर उभ्या राहिलो. यावेळी टक्कल नाही, सोनेरी केस नाहीत, बर्फ नाही. दोन सुती साड्या, दोघींचा एकेक हात कमरेवर. रेंजचे सर नियम सांगताना म्हणाले, "मावशी, आता एकमेकींशी बोलायचं नाही." हा नियम कुणी काढला असेल तो आमच्या घरी कधी आला नसणार. मग सुरुवातीची सूचना झाली आणि सगळी खोली गप्प. टोपड्यात स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. इथे माझ्या ठोक्याबरोबर पिस्तुलाची माशी उडत होती. मी मात्र मन लावून मारलं. डोळे दोन्ही उघडे, डावा कागदाच्या तुकड्यानं झाकलेला. मला माझं बरं चाललंय असं वाटलं, आणि बरं चाललंही होतं.

दोरीवरून विहीणबाईंचा कागद परत आला तेव्हा मी तिरक्या डोळ्यानं पाहिला. मधोमध एकच मोठं भोक, उंदरानं कुरतडल्यासारखं. त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "बठ्ठा मझारच लागनात." सगळे आतच लागले म्हणे! सरांनी ओठांवर बोट ठेवलं.

मला झोंबलं हे लपवत नाही. खरं पिस्तूल, खरी बाई, आणि मी मागे, खूपच मागे. तरी बरं वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं, करून पाहा.

आणि मग त्यांचा शेवटचा कागद परत आला, त्यावर एक सहा होता. काळ्याच्या कडेला, एकटाच, चालत आल्यासारखा.

माझं डोकंच तापलं. पुन्हा! शब्द देऊन पुन्हा! माझ्या उरलेल्या गोळ्या मी रागातच मारल्या, त्यातली एक दहाला लागली. राग ओसरू नये म्हणून नंतरच्या गोळीला मी मुद्दाम तो सहाच आठवला. ती पाचला गेली.

निकाल लागला. विहीणबाई पहिल्या, चांगल्या फरकानं. आमच्या गटात दोघीच असल्यामुळे मी दुसरी आले, असं मी तलावावर सांगते. नात दोघींच्या गळ्यात पडली. मी तिला बाजूला केलं आणि विहीणबाईंना गाठलं.

"तो सहा?"

"कुठला?"

"शेवटच्या कागदावरचा. माझ्यासाठी होता ना?"

"नही व, खरंच चुकना तो!"

"शपथ?"

"अहो, घाम आला होता तळहाताला!"

"रेघ दाखवा."

पण खऱ्या पिस्तुलाला रेघ नसते. कागदाला फक्त भोक असतं, आणि भोक काही सांगत नाही. नात म्हणाली, "आजी, त्या जिंकल्यात. एका सहानं तुला काय मिळणार होतं?" ते मलाही कळत होतं. मी हरले होते ते हरलेच होते. पण मानपान म्हणून मी सगळ्या गोळ्या खऱ्या मागितल्या होत्या, आणि त्यातली एक खोटी निघाली तर माझा रुसवा अर्धाच फेडला गेला होता. परतताना पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी बोलले नाही. सून गाडी चालवता चालवता म्हणाली, "आई, हरल्याचा राग आहे की जिंकवल्याचा?" मी म्हटलं, रस्त्याकडे बघ.

नंतर चारच्या सरावाला पैलवान येतच राहिला, आता अधिकारानं. "विहीणबाई, खांदा सोडा. विहीणबाई, घाई कुणाची आहे?" मी रोज हरत होते, मोठ्या फरकानं. हरून झालं की रोज एकदा विचारत होते, "तो सहा खरंच चुकला का?" आणि पैलवान कपाळावर हात मारून घ्यायचा.

राज्याच्या स्पर्धेला नात त्यांच्यासोबत गेली. सकाळी फोटो आला: विहीणबाई पाठमोऱ्या उभ्या, पदर कमरेला खोचलेला, पाठीवर पांढरं कापड आणि त्यावर धुळे. मोठ्या अक्षरात. दुपारी फोन वाजला. मला वाटलं नातीचा असेल, पण आवाज विहीणबाईंचा होता, धाप लागलेला.

"विहीणबाई, कितवी आले ते मागून सांगते. ते काही फार वर नाही. आधी हे ऐका. इथेही सहा गेला!"

"मग?"

"मग काय! डाव्या बाजूला सोलापूरच्या बाई, उजव्या बाजूला नागपूरच्या. दोघींपैकी कुणी माझी विहीण नाही. आता तरी पटलं का?"

मी म्हटलं, पटलं. मग त्यांनी पहिल्या गोळीपासून सांगायला घेतलं, एकेक गोळी, माशी कुठे होती, श्वास कुठे होता, सोलापूरच्या बाईंची साडी कुठल्या रंगाची होती. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि मेथी निवडायला बसले. सुनेनं येऊन तिच्या आईचा आवाज थोडा मोठा केला.